सोनौलीच्या अलीकडे बंद पडलेली मोटार

अपेक्षाच्या सासरी, धारला, कुणाचंही काम अडलं की घरातून एकच वाक्य यायचं, "अपेक्षाला सांग." सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, नणंदेच्या घराची रजिस्ट्री, कुणाला इंदूरच्या विमानतळावर सोडणं, सगळं तिच्याकडे. जवळच्या बाग गावच्या छापील कापडाचे कुर्ते शिवून विकणारं तिचं स्वतःचं लहानसं दुकान होतं, पण ते सांभाळून ती ही कामंही निभावून न्यायची. गाडी ती घरातल्या सगळ्या पुरुषांपेक्षा चांगली चालवायची आणि ते पुरुषही मान्य करायचे, कारण त्यामुळे त्यांना चालवावी लागत नसे.

माहेर तिचं देवासचं. वडील गेल्यावर माहेर म्हणजे तिचे काका, तात्यासाहेब. ऐंशीच्या घरातला माणूस, जुन्या दरबारी घराण्यातला, अजूनही गाडीला मोटारच म्हणणारा. गेल्या वर्षी ते न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर घेऊन चारदोन पावलं टाकू लागले, पण मनाने खचले. अपेक्षा भेटायला गेली तेव्हा म्हणाले, "ताईसाहेबांना एकदा पाहायचं आहे. नेशील का?"

ताईसाहेब म्हणजे त्यांची थोरली बहीण इंदिराबाई, अपेक्षाची आत्या. इंदूरला शिकायला आलेल्या एका नेपाळी तरुणाशी त्यांचं लग्न झालं आणि त्या नेपाळात, डोंगरावरच्या तानसेनला गेल्या. साठ वर्षं उलटली त्याला. आता त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. अपेक्षाने त्यांना लहानपणी एकदाच पाहिलं होतं. आजी गेल्या तेव्हा आल्या होत्या, मांडीवर बसवून तिला वेणी घातली होती. तेवढंच आठवत होतं. बाकी आत्यासाहेब म्हणजे सणासुदीला फोनवर येणारा एक खणखणीत आवाज.

"नेते," अपेक्षा म्हणाली.

विमानाला डॉक्टर नको म्हणाले. रेल्वेत गाड्या बदलणं तात्यासाहेबांना झेपलं नसतं. अपेक्षाची गाडी छोटी, तिच्यात त्यांना पाय लांब करता येईनात. शेवटी बंगळूरला नोकरी करणाऱ्या तिच्या धाकट्या भावाने, राजवर्धनने, ऐसपैस गाडी ॲपवरून भाड्याने ठरवून दिली. ड्रायव्हर नाही, आपणच चालवायची, इंदूरहून उचलायची.

"नेपाळात चालते ना रे ही?" अपेक्षाने विचारलं.

"दीदी, ऑल इंडिया परमिट आहे. तू टेन्शन मत ले."

"ऑल इंडियात नेपाळ कुठून आलं?"

"अगं, बॉर्डरवर भन्सारचा, म्हणजे त्यांच्या कस्टमचा, कागद करायचा. सगळे नेतात गाड्या."

सगळे नेतात ते खरं होतं. पण ते स्वतःच्या गाड्या नेतात. भाड्याची गाडी देशाबाहेर न्यायची नाही, हे त्याच ॲपवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. राजवर्धनने ते न वाचताच होकाराचं बटण दाबलं होतं. अपेक्षाला दुकानाची ऑर्डर पुरी करायची होती, तिनेही पुन्हा खोदून विचारलं नाही.

प्रवास मात्र छान झाला. कानपूरला मुक्काम केला. तात्यासाहेब पुढची सीट मागे पाडून पडल्या पडल्या बहिणीच्या गोष्टी सांगत होते. कैऱ्या पाडताना बोलणी आपल्याला बसायची आणि कैऱ्या ताईसाहेब खायच्या, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. दुसऱ्या दिवशी गोरखपूर मागे पडलं, नौतनवा गेलं. पुढे सोनौलीच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रकांची लांबच लांब रांग लागलेली. अपेक्षाने पाण्याची बाटली घ्यायला गाडी कडेला घेऊन बंद केली.

ती पुन्हा सुरूच होईना.

बटण दाबलं की दिवे लागायचे आणि विझायचे. बॅटरी गेली असेल म्हणून ती बॉनेट उघडणार, तोच राजवर्धनचा फोन आला. "दीदी, कंपनीचा मेसेज आलाय. गाडी बॉर्डरजवळ गेली म्हणून त्यांनी तिकडूनच लॉक केली."

"तिकडूनच म्हणजे? कुठून?"

"सिस्टीममधून."

अपेक्षाने कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकल्यावर एक मुलगी बोलली. "मैम, आपकी गाड़ी प्रतिबंधित क्षेत्र में है."

"मी अजून हिंदुस्तानातच आहे," अपेक्षा रागाच्या भरात मराठीतच म्हणाली, मग सावरून हिंदीत आली. "देखिए, बॉर्डर तीन किलोमीटर आगे है. मैं गाड़ी यहीं पार्किंग में लगा देती हूँ, बस चालू कर दीजिए. मेरे साथ बुज़ुर्ग हैं, ऑपरेशन हुआ है."

"मैम, असुविधा के लिए खेद है. गोरखपुर से हमारा आदमी आएगा. तब तक गाड़ी छोड़कर मत जाइए, आपकी ज़िम्मेदारी है."

"कब आएगा?"

"जल्द से जल्द, मैम."

दुपारचं ऊन तापलं होतं. एसी बंद, काचाही वर अडकलेल्या. अपेक्षाने चारही दारं उघडी टाकली आणि ओढणी भिजवून तात्यासाहेबांच्या कपाळावर ठेवली.

शेवटी तिने तानसेनला फोन केला. आत्यासाहेबांचा मुलगा सुवर्ण त्यांना घ्यायला सीमेपलीकडे बेलहियाला येऊन थांबलाच होता. त्याची जीप कागदांशिवाय अलीकडे आणता येईना. तो सीमेवरच्या कमानीखालून चालत आला आणि ई-रिक्षा करून त्यांच्यापर्यंत पोचला. तात्यासाहेबांच्या पाया पडला. त्याला मराठी कळायचं, बोलायचा मात्र हिंदीत. "मामा को मैं ले जाता हूँ. आप भी चलिए."

अपेक्षाने गाडीकडे बघितलं. "इसको छोड़ के कैसे आऊँ, भिया?"

दोघांनी मिळून तात्यासाहेबांना उचलून रिक्षात बसवलं. जाताना ते म्हणाले, "पोरी, तू इथे एकटी?" ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी येतेच."

कंपनीचा माणूस दिवस कलल्यावर आला. त्याने हातातल्या यंत्रावर दोनदा बोट फिरवलं आणि गाडी सुरू झाली. "बस, इतना ही था?" अपेक्षाने विचारलं. तो ओशाळा हसला. गाडी अपेक्षानेच गोरखपूरपर्यंत परत न्यायची, पुन्हा सीमेकडे आणायची नाही, असा कंपनीचा हुकूम त्याने सांगितला. अपेक्षाला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. पण त्या बिचाऱ्यावर ओरडून काय होणार होतं?

गोरखपूरला लॉजवर पोचल्यावर तिने ठरवलं, गाडी इथेच उभी राहू दे, आपण सकाळच्या बसने जायचं. आपल्याकडची सिमकार्डं सीमेपलीकडे गेली की मुकी होतात. सुवर्णच्या नेपाळी नंबरवर तिने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, लागला नाही. राहू दे, म्हणाली, घर शोधत जाऊ.

सकाळी ती बसने सोनौलीला उतरली, कमानीखालून चालत पलीकडे गेली आणि तानसेनच्या गाड्यांची चौकशी करू लागली. तेवढ्यात समोरून एक जीप येऊन थांबली. आत पुढच्या सीटवर तात्यासाहेब.

"तुम्ही? तानसेनला आपण दोन मुक्काम ठरवले होते ना?"

"झोपच लागली नाही. तू रस्त्यावर एकटी. फोन लागेना. ताईसाहेबच म्हणाल्या, जा, पोरीला बघ."

"मी काय लहान आहे का तात्यासाहेब? मी तिकडेच निघाले होते!" तिचा आवाज चढला. चहाच्या टपरीवरचे लोक वळून बघू लागले. तात्यासाहेबांनी मान खाली घातली. घाटरस्त्याने खुबा दुखावला होता, चेहरा पांढरा पडला होता. आज पुन्हा वर चढणं त्यांना शक्य नव्हतं. आणि त्यांना एकटं सोडून जाणं अपेक्षाला शक्य नव्हतं.

सुवर्णने आपल्या फोनवरून आईला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर उशीला टेकलेला एक सुरकुतलेला चेहरा आला.

"आलीस का गं?" आवाज अजून खणखणीत होता.

"आले, आत्यासाहेब. बेलहियापर्यंत आले."

"मग वर का नाही येत? दाराशी येऊन परत जातं का कुणी? भात टाकायला सांगितला आहे मी."

अपेक्षाने कंपनी, कुलूप, नियम असं काही सांगायला सुरुवात केली. आत्यासाहेबांना त्यातलं काही कळेना. "मोटार बंद पडली तर दुसरी करावी," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मग चित्र थिजलं आणि फोन तुटला.

देवासला परत आल्यावर जो तो म्हणाला, अपेक्षाने काम केलं बरं का, भावाबहिणीची भेट घडवली. तात्यासाहेबही कौतुकाने सांगत. ती धारला पोचल्यावर राजवर्धनने फोन करून माफी मागितली. "दिवाळीत तुला फ्लाइटने काठमांडूला पाठवतो, दीदी. तिथून टॅक्सी."

"दिवाळीपर्यंत त्या थांबतील असं तू ॲपवर बघितलंस का?" अपेक्षा म्हणाली आणि फोन ठेवून शिलाईयंत्रावर बसली. दोरा दोनदा तुटला तेव्हा ती उठली आणि नवऱ्याला म्हणाली, "सोमवारी मी जाते आहे. रेल्वेने, मग बसने. दुकान तू बघ."

नवरा म्हणाला, "पण सोमवारी आईला दाताच्या डॉक्टरकडे..."

"तूच घेऊन जा," ती म्हणाली.