नामिबियावाले अण्णा

बहात्तरच्या दुष्काळात आमचं अख्खं घर खडी फोडत होतं. लातूरजवळच्या मुरुडच्या अलीकडं रस्त्याचं काम निघालं होतं. बाप घण मारायचा, आई हातोडीनं खडी बारीक करायची आणि आम्ही बहिणी घमेली वाहायचो. गावातल्या विहिरी आटलेल्या, आणि शेत म्हणाल तर आम्हाला ते आधीपासूनच नव्हतं. दुपारी कामावर सुकडीचं गोड पीठ मिळायचं, रात्री मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी. ती गार झाली की वहाणेच्या तळव्यासारखी व्हायची. अशाच एका दुपारी कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेला, धोतर नेसलेला एक माणूस सायकलवरून तिथं आला. सायकल त्यानं खडीच्या ढिगाला टेकवली, उपरण्यानं मान पुसली आणि शांतपणे विचारलं, "मंडळी, नामिबियाबद्दल तुमचं काय म्हणणं हाय?"

हे अण्णा. मुरुडच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. घराणं लिंगायत, सोमवारी गिऱ्हाइकाच्या आधी महादेव, आणि महादेवाच्या आधी रेडिओच्या बातम्या. आफ्रिकेतल्या त्या देशावर शेजारच्या देशातलं गोरं सरकार ठाण मांडून बसलंय, हे त्यांना रेडिओवरूनच कळलं होतं. जगातल्या सगळ्या देशांची न्यूयॉर्कला सभा भरते, तिथं हा प्रश्न वर्षानुवर्षं पडून होता. हेगच्या कोर्टानं हा कब्जा बेकायदा ठरवला, तरी गोरे हलेनात. अण्णा आम्हाला समजावून सांगायचे, "निकाल मिळाला, ताबा न्हाई." मराठवाड्यात एवढं सांगितलं की पुढं सांगावं लागत नाही. ज्याच्या बांधाचा खटला चालू होता तो लगेच नामिबियाच्या बाजूनं व्हायचा.

अण्णांची रीत ठरलेली होती. चार माणसं जमली की ठराव मांडायचा, सूचक-अनुमोदकाची नावं घालायची, खाली सह्या-अंगठे घ्यायचे आणि कागद न्यूयॉर्कला पाठवायचा. बारसं असो, बैलबाजार असो, त्यांना सगळं सारखंच. लग्नात तर अक्षता पडल्या आणि पंगत अजून बसायची आहे, एवढ्या फटीत ते उभे राहायचे. भुकेली माणसं वाद घालत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. असे ठराव कायम एकमतानं मंजूर व्हायचे.

त्या दिवशी खडीवर मात्र अनुमोदक मिळेना. गडी माणसं माना खाली घालून घण बघत बसली. तेव्हा आईनं हातोडी ठेवली आणि विचारलं, तिथल्या लोकांना कोण पाहिजे, कोण नको, हे त्यांना कुणी विचारलं का? अण्णा म्हणाले, "न्हाई ना माय. तेवढंच तर राहिलंय."

"मग लिवा माझं नाव."

मुकादम फिदीफिदी हसला. म्हणाला, पाणी मागायचं सोडून ही आफ्रिका मागून राहिली. आई त्याच्याकडं न बघता म्हणाली, "पानी बी मागते. तोंड एक हाय म्हून एकच गोष्ट बोलावी का?" अण्णांनी उपरण्याच्या टोकानं तिच्या अंगठ्याची शाई पुसायला घेतली. आमच्या वस्तीतल्या बाईचा हात त्या काळी भर रस्त्यात कुणी व्यापारी असा धरत नसे. आईनंच संकोचून हात मागं घेतला आणि शाई खडीवर पुसली.

दुकान सोडून ही उठाठेव कशाला, असं मी पुढं त्यांना एकदा स्पष्टच विचारलं. तेव्हा ते निजामाच्या काळातलं बोलले. अण्णा तेव्हा मिसरूड फुटलेले, झेंड्याची कापडं चोरून शिवणारे. "आपल्या हैदराबादचा मामला त्याच सभेत गेला व्हता. निजामाचे वकील तिथं सांगून राहिले, की रयत आमच्यासंग हाय. अन् रयत कुठं? रयत इथं, मुरुडात. मला कुनी साधं कार्ड टाकून बी इचारलं न्हाई." पंचवीस वर्षांपूर्वीचा तो राग त्यांनी मोडला नव्हता, घडी घालून ठेवला होता.

मी नांदेडला कॉलेजात गेले. आमच्या घरात बी.ए. माझ्याआधी कुणी नाही, हे मी आजही छाती पुढं काढून सांगते. इंग्रजी आणि टायपिंग दोन्ही शिकते म्हटल्यावर अण्णांनी नामिबियासाठी एक समिती काढली आणि मला तिची चिटणीस करून टाकलं. एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती ठराव यायचे. अण्णांची शाळा उर्दूतली, त्यामुळं मजकूर असा असायचा: "सबब ही सभा दरखास्त करते की मजकूर मुलकावरचा बेकायदा कब्जा फौरन उठवावा." डिक्शनरी घेऊन मी त्याचं इंग्रजी करायची. एकदा मी त्यांच्या मराठी मजकुरातच माझ्या मनानं 'नम्र विनंती' घातली आणि त्यांना दाखवायला पाठवली. कागद उलट्या एस.टी.नं परत आला. 'नम्र'वर काट, 'विनंती'वर काट, आणि बाजूला शेरा: "कामून? निकाल आपल्याकडून हाय. दरखास्त म्हंजी बजावणी, विनंती न्हाई."

न्यूयॉर्कहून छापील पोच यायची. पत्र मिळालं, सभासदांपुढं ठेवलं, एवढंच. अण्णा ती गिऱ्हाइकांना वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, तहसीलमधून तर एवढंही येत नाही.

मग उस्मानाबादमधून फोडून लातूर वेगळा जिल्हा करा, ही मागणी पेटली. गावोगाव सभा भरू लागल्या. अण्णांनी विचार केला, माणसं जमलेलीच आहेत तर दुसरी सभा कशाला? त्यांनी दोन्ही मागण्या एकाच ठरावात घातल्या. निलंग्याकडच्या एका गावात मीही सोबत होते. अण्णांनी ठराव वाचला: लातूर जिल्हा आणि नामिबिया देश विनाविलंब जाहीर करावा. सभेत कुजबुज सुरू झाली. कुठले तालुके नव्या जिल्ह्यात जाणार, याच्यावरून तिथं आधीच जुंपलेली होती. म्हातारे सरपंच उठले.

"अण्णा, हे नामिबिया लातुरात टाकून राहिले का?"

अण्णा काही बोलायच्या आत मागून कुणीतरी विचारलं, तिथं पाऊसपाणी कसं आहे. अण्णांना खोटं बोलता येत नसे. म्हणाले, बरंचसं वाळवंट आहे. झालं. सगळी सभा उठून उभी राहिली. आपल्यालाच टँकर पुरत नाहीत, त्यात हे कुठलं गळ्यात मारता? कुणी म्हणालं, उस्मानाबादलाच राहू द्या त्यांना. मी अण्णांच्या उपरण्याला ओढ देत होते, की समजावून सांगा. सरपंचांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि निकाल दिला: "नामिबिया लातूरला जोडायचं न्हाई. कुनालाच जोडायचं न्हाई. त्यांचं त्यांला राहू द्या."

अण्णांचा चेहरा असा उजळला की मी तसा तो पुन्हा क्वचितच पाहिला. "सरपंच," ते म्हणाले, "हेच. अगदी हेच. सूचक म्हून तुमचं नाव लिवतो." ठराव एकमतानं मंजूर झाला, तोही पंगतीशिवाय. मी तो शब्दाला शब्द इंग्रजीत केला. त्या खेपेला छापील पोच आली नाही. नामिबियाच्या बाजूनं न्यूयॉर्कला काम करणाऱ्या एका माणसानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, की आमची मागणी इतक्या थोडक्यात आम्हालाही मांडता आलेली नाही, गावाला नमस्कार सांगा. अण्णा खास एस.टी.नं जाऊन नमस्कार सांगून आले.

ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला. गुलाल उधळला, पेढे वाटले. लोक अण्णांना टोमणे मारू लागले, की आपलं काम झालं, आता तरी कापड मोजा. अण्णांना साखरेनं धरलं होतं, पायाची जखम भरत नव्हती, डोळ्यांपुढं धूसर दिसायचं. मुलगा दुकान बघायचा आणि बापाला बघून मान हलवायचा. पण ठराव थांबले नाहीत. "माझी हयात पुरंल का, एवढंच सांग," असं त्यांनी मला एकदाच विचारलं. मी नांदेडला नोकरीला लागले होते, शिकलेली होते; मी पुढचा ठराव टाइप करायला घेतला.

हयात पुरली. न्यूयॉर्कच्या त्या सभेची माणसं जाऊन तिथं मतदान घेऊन आली. नव्वदच्या मार्चात नामिबिया स्वतंत्र झाल्याची बातमी रेडिओवर आली, त्याच आठवड्यात अण्णांनी सभा बोलावली. दुकानात, गाद्यांवर, आईला शेजारी बसवून. आम्हाला वाटलं, आता अभिनंदनाचा लांबलचक ठराव येणार. अण्णांनी एकच ओळ सांगितली: काम झाल्यामुळं समिती बरखास्त करण्यात येत आहे. माझं लिहून होईस्तोवर आईनं अनुमोदन देऊन टाकलं होतं. मुलानं विचारलं, आता काय करणार? अण्णा म्हणाले, "आता त्यांचं ते बघतील. आपन कशाला मधी?"

दोन वर्षांनी अण्णा गेले. पण त्याआधी लातूर जिल्हा झाला होता आणि नामिबिया देश झाला होता.