आधी पणजीचं नाव सांगा

इतका मागासलेला धंदा करणारा इतका पुढारलेला माणूस माझ्या मैत्रिणीच्या सासऱ्यांशिवाय अख्ख्या नागपुरात दुसरा नसेल. हे त्यांना तोंडावर सांगितलं, तर म्हणाले, "लिहून दे. किती मोठ्या अक्षरात छापू?" हे काका छापतात लोकांचे वंशवृक्ष. वीस फुटी, तीस फुटी. मशीनमधून कागद निघतो तीन फूट रुंदीचा, म्हणून पट्टे जोडावे लागतात, आणि काकांचा कायदा असा की जोड कुणाच्याही नावावरून जाता कामा नये. कळमन्याच्या बाजारातल्या एका अडत्याचे चुलत आजोबा नेमके जोडावर आले, तर काकांनी नऊच्या नऊ पट्टे फाडले. "अर्धा माणूस इकडं, अर्धा तिकडं, कसं वाटंल त्याले?" मी म्हटलं, काका, ते कधीचे वारले. "म्हणून तं! जिवंत असते तं स्वतः सरकले असते." दुकान एवढंसं, त्यामुळे तयार झाड रस्त्यावर पसरून तपासतात आणि स्कूटरवाल्यांवर ओरडतात, "ओ भाऊ, यायच्या खापरपणजोबावर चाक घालता का?"

माझी पत्रकं मी तिथेच छापते. सातबाऱ्यावर मुलींची नावं लावा, ही आमची मोहीम. पत्रकांच्या ढिगावर बसून मी काकांना झापायची की तुमच्या झाडांवर नुसते पुरुष लटकलेले असतात, बायका काय पारंब्या आहेत? दारावर पाटी लावा, मुली नसतील तर छापणार नाही! काका म्हणत, "पाटी पाहून माणूस वापस जाते वं. बाकावर बसवला का फसते." फसवण्याची रीत अशी, की गिऱ्हाईक आलं की आधी पणजीचं नाव विचारायचं. ते सांगितल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. त्या बाकावर मी वकील पाहिलेत, मिहानच्या कंपन्यांमधले इंजिनियर पाहिलेत, सगळे घाम पुसत कुठल्या तरी मावशीला फोन लावताना.

मग एक दिवस त्या बाकावर माझेच बाबा बसले. आमच्या कुळाचं संमेलन रामटेकला ठरलं होतं आणि झाडाचं काम बाबांकडे होतं. नऊ पिढ्यांच्या यादीत एकही मुलगी नव्हती. मी घरात बाबांना विचारलं, मी कुठे आहे? "मुली सासरच्या झाडावर असतात." मला सासर नाही, मग मी कोणत्या झाडावर? "लग्न कर, मग पाहू." तहसील कचेरीत टेबलं दणाणून सोडणारी मी! पण बापापुढे माझ्याकडून फक्त दार आपटलं गेलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या मागोमाग दुकानात गेले.

"आंधी पणजीचं नाव सांगा जी," काका म्हणाले.

"यादी देल्ली ना तुमाले."

"मशीन गरम होऊन राहिली. तवर सांगा." मशीन सकाळपासून गरमच होती.

बाबांनी छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहणं टाळलं आणि थोरल्या आत्याला फोन लावला. काकांच्या सांगण्यावरून स्पीकरवर. आत्यानं पणजीचं नाव सांगितलं आणि मग ती थांबेचना. पणजीच्या लेकी, आजोबांच्या बहिणी, कोण कुठं दिली, कोण बाळंतपणात गेली. काका भराभर लिहून घेत होते. "आन आपली शेवंता," आत्या म्हणाली.

"कोन शेवंता?"

"आपली बहीण, गा. चार वर्साची होऊन वारली. तू तवा झाला नोयता."

"मले कोनी सांगतलं नाही."

"तू इचारलं काहून नाही?"

माझ्याकडे चार धारदार वाक्यं तयार होती. आयुष्यात पहिल्यांदा मी ती गिळली. काकांनी पेन्सिल थांबवून हळूच विचारलं, "भाऊ, हिले तुमच्या आंधी टाकू ना? मोठी होती तुमच्याहून."

बाबांनी मान डोलावली. मग माझ्याकडे न बघता माझ्या दिशेनं बोट करून म्हणाले, "हिचंही टाका. साऱ्याच पोरी टाका."

दोन वर्षं पत्रकं वाटून मला जे जमलं नाही, ते एका लाकडी बाकानं केलं याचा राग मला अजून आहे. पण बारीकसा.

झाड जवळपास दुप्पट झालं. रामटेकच्या मंगल कार्यालयाची भिंत पुरेना, तर काकांनी ते कोपऱ्यावरून वळवून थेट भटारखान्याच्या दारापर्यंत नेलं. बायका ताटं टाकून आपापली नावं शोधत होत्या. मी माझं पाहिलं, दोनदा पाहिलं. बाबा मात्र शेवंताच्याच चौकटीपुढे आत्याजवळ उभे होते.

"दिसे कशी वं ते?"

"तुह्यासारखीच. नकटी."

छापलेल्या नावाला कुणी बोट लावलं तर काका चारचौघांत खेकसतात. बाबांचा तळहात त्या चौकटीवर कितीतरी वेळ टेकलेला होता. काका शिडीवर उभे राहून दुसऱ्याच भिंतीकडे बघत राहिले.