लेफ्ट आऊटची जागा

परवा भिंतीवरचा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोटो पुसत होतो. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली त्या वर्षीची त्यांची कॉलेजची फुटबॉल टीम, कोल्हापुरातली. समोर कप नाही, कारण एकही मॅच जिंकले नव्हते. आणि माणसं दहाच.

लहानपणी मी विचारलं होतं, "अण्णा, अकरावा कुठाय?"

"सदा. लेफ्ट आऊट, डाव्या कडेला खेळायचा. फौजेत गेलावता, ब्रह्मदेशात."

"मग दुसरा घ्यायचा की!"

"आणि सदा आल्यावर त्यानं खेळायचं कुठं?"

लढाई संपल्याची बातमी गावात एका दिवसात पोचली असेल. सदाची बातमी सीझनभर आलीच नाही, आणि न आलेल्या बातमीला वाईट म्हणायला हे दहा जण तयार नव्हते. माणसाची वाट बघायची म्हणजे त्याची जागा धरून ठेवायची, एवढंच त्यांना कळत होतं.

अण्णा सेंटर हाफ. पायाला सवयच तशी, त्यामुळं बॉल मिळाला की न बघता डावीकडं टाकायचे. तिथं कुणी नसायचं. बॉल रेषेबाहेर जायचा आणि पब्लिक शिव्या घालायचं.

"घालू देत की," अण्णा म्हणाले. "सदानं गाठला असता तो."