कुठल्या थांब्यापर्यंत समजलं?

राइनहिल्दे स्टॅसेनबद्दल शांतपणे लिही, असं माझी बायको म्हणाली. मी प्रयत्न केला. पण शांतपणे लिहिलं की ते निरोप समारंभाचं भाषण वाटायला लागतं, आणि त्या समारंभाला तर मी मुद्दाम गेलो नव्हतो. तेव्हा रागातच लिहितो.

आमच्या विज्ञान विभागाच्या तळमजल्यावर, सायकली लावायच्या जागेला लागून एक खोली होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना काही अडलं की त्यांनी तिथं यायचं. आम्ही तिला मोनिटोराट म्हणायचो. राइनहिल्दे रसायनशास्त्र बघायची, मी पदार्थविज्ञान. दार उघडं, फळा खडूनं कायम पांढुरका, टेबलावर स्पेक्युलास बिस्किटांचा डबा. कोण आलं, काय विचारलं, याची नोंद नाही. तोंडी परीक्षेत या मुलांना प्राध्यापकांसमोरच बसायचं असतं, म्हणून इथलं तिथं पोचू नये याबाबत राइनहिल्दे फार कडक होती. एकदा एका प्राध्यापकानं सहज म्हणून विचारलं, "ती पुढच्या बाकावरची मुलगी येते का हो तुमच्याकडे?"

"आमच्याकडे फक्त सायकली येतात," राइनहिल्दे म्हणाली.

बाई उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज खणखणीत. "मॅडम, काहीच समजलं नाही," असं कुणी म्हटलेलं तिला चालायचं नाही. "काहीच नाही असं नसतं रे. ट्रामनं आलास ना? मग कुठल्या थांब्यापर्यंत समजलं ते सांग. तिथून पुढं आपण बरोबर जाऊ." मुलं हसायची, आणि हसता हसता खरं सांगून टाकायची.

इखलास त्या पहिल्या वर्षाच्या मुलांपैकीच, कालव्यापलीकडच्या वस्तीतली. घरात विद्यापीठाची पायरी चढलेलं कुणी नाही. लहानपणापासून आजीबरोबर औषधाच्या दुकानात जाऊन डॉक्टरनं लिहून दिलेलं तिला समजावून सांगायची, त्यातून फार्मासिस्ट व्हायचं डोक्यात बसलेलं. पहिले काही दिवस ती सायकलींपाशी उभी राहून नसलेली किल्ली शोधत होती. शेवटी राइनहिल्दे दारात आली. "अगं, किल्ली सापडत नसेल तर आत ये. आत बिस्किटं आहेत."

मग ती रोज यायला लागली. पोरगी हुशार होती असं नुसतं म्हटलं तर कमीच होईल. तिला खरंच प्रश्न पडायचे. उत्तर मिळालं की त्यातून पुढचा प्रश्न काढायची. राइनहिल्दे मला म्हणाली, "हिला दोन वर्षांनी मीच काहीतरी विचारायला जाईन बघ."

आणि शरदाच्या सुट्टीनंतर आमची खोली बंद झाली. सगळ्या विभागांच्या अशा खोल्या मोडून विद्यापीठानं एक मोठं काचेचं केंद्र उभारलं. सगळ्यांना सारखी मदत, असं संचालिकाबाई म्हणाल्या, आणि ऐकायला ते वाईट नव्हतं. फोनवरून वेळ घ्यायची, ठरलेली मिनिटं बोलायचं, पुढच्याला जागा द्यायची. खडू नाही. बिस्किटं नाहीत, चुरा पडतो म्हणून. प्रत्येक भेटीची नोंद मात्र व्हायची.

इखलास बावरली. राइनहिल्देनं तिला समजावलं, "खोली बदलली, मी तीच आहे. अडलं की ये. रोज ये."

ती रोज गेली. आणि नोव्हेंबर संपता संपता केंद्राच्या संगणकानं पहिल्या वर्षाच्या पोरांना रंग वाटले. ज्यांनी वारंवार मदत मागितली ते लाल, म्हणजे नापास व्हायच्या वाटेवरचे. जे कधी फिरकलेच नाहीत ते हिरवे.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुणीतरी थट्टा करतंय असं वाटलं.

लाल मुलांना सल्ल्यासाठी बोलावणं आलं. सल्लागार वान्नेस नावाचा तरुण, बोलायला अगदी गोड. इखलासबरोबर राइनहिल्देही जाऊन बसली. मी शेजारच्याच काचेच्या खोलीत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"इखलास, आम्हाला तुझी जरा काळजी वाटते," वान्नेस म्हणाला.

"पण अजून परीक्षाच झाली नाही."

"हो, पण भेटी बघ ना. ज्याला इतकी मदत लागते..."

"अरे बाबा," राइनहिल्दे मध्येच म्हणाली, "जो रोज दात घासतो त्याचेच दात किडलेत असं म्हणशील का तू?"

"मॅडम, हे मी ठरवत नाही, आकडे सांगतात. सरकारकडून प्रत्येकाला शिकायला ठरावीक श्रेयांकांची शिदोरी मिळते, ती संपली की पुढं प्रवेश मिळणं अवघड. डिसेंबर लागायच्या आत नाव काढलं तर तिची शिदोरी परत मिळेल. मागाहून नापास झाली तर ती गेली. तिच्या भल्याचंच सांगतोय."

"मग तिला रसायनातला एक प्रश्न विचार."

"मी समाजशास्त्राचा आहे."

"म्हणजे तिनं काय विचारलं हे तुला कळतच नाही. विचारलं, एवढंच कळतं!"

वान्नेस ओशाळला, पण संगणकावर तिच्या नावापुढचा लाल रंग काही त्यानं बदलला नाही. इखलास खाली बघत होती. मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, रोज ये असं तुम्हीच म्हणाला होतात." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. त्याच आठवड्यात इखलासनं नाव काढलं.

जानेवारीत हिरवी पोरं धडाधड पडली. तरीही पास होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, कारण धडपडणाऱ्यांना आधीच दाराबाहेर काढलं होतं आणि गेलेल्यांना कुणी हिशेबात धरत नाही. केंद्रात पार्टी झाली, फेसाळती वाइन आली, संचालिकाबाईंना फुलं. टाळ्या वाजत असताना राइनहिल्देनं विचारलं, "ज्यांना घालवलंत, ती पोरं कुठं धरलीत?" कुणीतरी खोकलं. कुणीतरी चीजची ताटली पुढं केली. उन्हाळ्याआधी तिनं नोकरी सोडली, आणि त्याच माणसांनी तिच्या निरोपाला तिच्या उघड्या दाराबद्दल गहिवरून भाषणं केली म्हणे. निर्लज्जपणाची हद्द आहे.

पुढच्या हिवाळ्यात मी आणि ती ट्रामची वाट बघत होतो, तेव्हा इखलास भेटली. आता ती एका छोट्या कॉलेजात औषध दुकानातल्या मदतनिसाचा कोर्स करत होती.

"कसं चाललंय ग?" राइनहिल्देनं विचारलं.

"छान, मॅडम! आमच्याकडेही तसंच केंद्र निघालंय. पण मी हिरव्यात आहे." तिनं हे अभिमानानं सांगितलं, आम्हाला आनंद होईल म्हणून. "मी तिकडं एकदाही गेले नाही."

"आणि अडलं तर?"

"पाठ करते."

आमची ट्राम आली. राइनहिल्दे चढली नाही. ती बाकावर बसली, पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून मध्ये ठेवला आणि म्हणाली, "बस. कुठल्या थांब्यापर्यंत समजलं?"

इखलास हसली. मग बसली, वही काढली, एका ओळीवर बोट ठेवलं. "आम्ल घातलं तरी या द्रावणाचा पीएच जवळजवळ हलतच नाही. ते का, तिथं..."

पण वाक्य पुरं करण्याआधी तिनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, आणि आवाज खाली आणला.