बंद पड, बाई

मोगऱ्याच्या उदबत्तीचा वास आला की मला ती पांढरी गाडी आठवते. बाबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नांदुऱ्याहून बुलढाण्याला न्यावं लागायचं, म्हणून ती नवीकोरी घेतली, आणि पहिल्याच महिन्यापासून ती राजूर घाटात बंद पडायला लागली. मागच्या सीटवर बाबा घामाघूम, मागं ट्रकांचे हॉर्न आणि माझ्या कानाला कंपनीचा फोन, 'आपली तक्रार नोंदवली आहे.' ती वाटेत बंद पडू नये म्हणून आई रोज सकाळी बॉनेटला कुंकू लावून उदबत्ती ओवाळायची. चौथ्या महिन्यात एकदाचा कंपनीचा इंजिनिअर तपासायला येणार ठरला, तेव्हा बाबांनी आईला बजावलं, "उद्या पूजा करू नको वं. उद्या ते बंद पडाले पाह्यजे." दुसऱ्या दिवशी इंजिनिअरला शेजारी बसवून मी घाट चार वेळा चढलो. प्रत्येक वळणाला मनात म्हणत होतो, बंद पड, बाई, आज तरी बंद पड. पण गाडी लोण्यासारखी चालली. त्यानं 'दोष आढळला नाही' असं लिहिलं, माझी सही घेतली आणि तो गेला. घरी आलो तर आई दारातच रडत उभी. "सकाळी सवयीनं ओवाळलं गेलं माह्याकून," ती बाबांना म्हणाली. पुढच्याच डायलिसिसला गाडी त्याच घाटात बंद पडली. बाबांना जाऊन आता दोन वर्षं झाली. मी अजून कंपनीलाच शिव्या देतो. आई मात्र उदबत्तीची वेळ झाली की काडेपेटी माझ्या हातात देते.