भाजलेले धने

भर हिवाळ्यात यवतमाळात घरात सांबार पेरणारी मी एकटीच येडी असेन. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्यामुंबईकडच्यांना सांगावं लागतं म्हणून सांगते. या दिवसांत आमच्या बाजारातली भाजीवाली वांग्यांवर मूठभर सांबार अशीच टाकून देते. तरी मी एक गळकं घमेलं शोधलं, काळी माती आणि शेणखत भरलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. नवरा म्हणाला, "बाजारात सांबार फुकट देऊन राह्यले, अन् तू घरात वावर कराले निघाली."

मला सांबार नकोच होता. मला मामाजींनी जेवायला हवं होतं.

मामाजी म्हणजे माझे सासरे. घाटंजीकडच्या एका गावात त्यांचा सारा जन्म कपाशीत आणि तुरीत गेला. दिवाळीच्या आधी आत्याबाई, म्हणजे सासूबाई, वारल्या आणि आम्ही मामाजींना लोहाऱ्याकडच्या आमच्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो. घेऊन आलो म्हणजे काय, नुसते अंगाने आले. कापडी पिशवी भरलेलीच दिवाणाखाली सरकवली आणि आल्या दिवशीच लेकाला सांगून टाकलं, "संक्रांत झाली का मी जातो." ताटात अर्धी भाकर तशीच उरायची. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. हा माणूस त्या रिकाम्या घरात एकटा गेला तर चूलसुद्धा पेटवणार नाही, हे मला दिसत होतं. मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं.

पण हे बोलायचं कसं? आमच्याकडचे जुने सासरे सुनेशी सरळ बोलत नाहीत. आत्याबाई होत्या तोवर त्यांच्यामार्फत चालायचं. "म्हणा तिले, चहा ठेव." मीही त्यांनाच उत्तर द्यायची. आता मधलं माणूसच उठून गेलं, तर मामाजी भिंतीला सांगायचे, "चहा झाला असन तं पाहा." मी फ्रिजला सांगायची, "झाला." आणि मी स्वयंपाकघरात असले की ते उंबऱ्याच्या आत पाय टाकत नसत. बाहेर उभं राहून खाकरायचे. मी गाऊनवर ओढणी घेऊन बाहेर निघायची, मग ते पाणी प्यायला आत.

माती हाताला लागली की माणसाला भूक लागते, असं माझी आई म्हणायची. म्हणून हे घमेलं. गच्चीवर ठेवलं असतं, पण तिथे काळ्या तोंडाची वानरं येतात आणि तुळससुद्धा उपटून फेकतात. बाल्कनी उत्तरेला, थंडीत तिथे ऊन म्हणून येत नाही. सारं ऊन दक्षिणेच्या खिडकीत, म्हणजे स्वयंपाकघरात, म्हणजे नेमकं मामाजी येत नाहीत तिथे. घमेलं ठेवून झाल्यावर हे माझ्या ध्यानात आलं आणि मी कपाळाला हात लावला.

तरी पेरलं. डब्यातले धने लाटण्याने रगडले, मातीत टाकले, रोज पाणी शिंपडलं. उगवायचं नाव नाही. मी मातीवर चिडले, थंडीवर चिडले, नवऱ्यावर तर चिडलेच. एका सकाळी मी वांगी चिरत असताना बाहेर खाकरणं झालं. मी निघायला लागले, तेवढ्यात मामाजी भिंतीला म्हणाले, "भाजलेले धने उगवत नाही म्हणा."

मायबाई. मसाल्यासाठी ते मीच भाजून ठेवले होते. शेतकऱ्याची पोरगी मी, आणि भाजलेल्या धन्यांना रोज पाणी पाजत होते.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर चिंधीची पुरचुंडी होती. आत धने. आत्याबाईंनी बियाण्याला म्हणून राखेत ठेवलेले. राख अजून चिकटलेली होती. त्या भरलेल्या पिशवीतून बाहेर निघालेली ही पहिली वस्तू. मी पुरचुंडी हातात घेऊन उभी राहिले आणि रडले. मग तोंड धुतलं, बाहेर आले आणि फ्रिजला म्हटलं, "मले नाही जमत. ज्याचे धने त्यानंच पेरावे."

त्यांनी पेरले. मग रोजचंच झालं. ऊन खिडकीत आलं की खाकरणं, मी बाहेर, ते आत घमेल्यावर वाकलेले. कोंब दिसले त्या दिवशी तर ते इतका वेळ थांबले की तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला. धूर पाहून मी तशीच आत शिरले. मामाजी गडबडून निघायला लागले. मी स्टूल ओढून खिडकीशी ठेवलं आणि सरळ त्यांच्याकडे पाहून म्हटलं, "मामाजी, बसा इथं. तुमचा सांबार वाढून राह्यला, पण माह्या भाकरी जळून राह्यल्या. मी काही आता बाहेर निघत नाही."

आणि त्यांच्याकडे पाठ करून दुसरी भाकर थापायला घेतली. बऱ्याच वेळाने स्टूल कुरकुरलं.

तिथून पुढे ते तिथेच बसू लागले. सांबार हाताला यायला लागल्यावर मी वांग्याचं भरीत केलं आणि ताट त्यांच्या हातात तिथेच दिलं. त्यांनी वरची चार पानं खुडली, भरतावर टाकली आणि जेवले. मग म्हणाले, "अर्धी भाकर असन काय अजून?" विचारलं भिंतीलाच, पण विचारलं. मी अख्खी वाढली. ती खाता खाता ते आत्याबाईंबद्दल बोलायला लागले. खुडणं तिला कधी जमलंच नाही, म्हणे, सारा सांबार मुळासकट उपटायची. हे सांगताना ते हसत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले.

संक्रांत झाली. पिशवीचं नाव मी काढलं नाही, त्यांनीच काढलं. "उद्या सकाळच्या गाडीनं जातो." नवऱ्याने सुट्टी घेतली. मी तिळाचे लाडू आणि शिदोरी बांधली, आणि रागात फडक्याला अशी गाठ मारली की ती मलाच सोडता आली नसती. घमेल्यात आता नुसती खोडं उरली होती.

सकाळी नवरा पिशवी घेऊन दारात उभा आणि मामाजी कुठेच दिसेनात. मी स्वयंपाकघरात गेले तर ते स्टुलावर. खाकरणं मला ऐकू आलं नव्हतं; खाकरलेच नसतील. घमेल्यातली माती उकरून मोकळी केलेली होती आणि ते पाटावर उरलेले धने वाटीने रगडत होते.

"हे काय, मामाजी?"

"पेरून देतो." वाटी फिरवत राहिले. मग भिंतीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "अन् पेरलं तं उगवलेलं पाहूनच जाईन म्हणतो. मधातच कसं जाव?"

मी वरच्या फळीवरून मसाल्याचा डबा काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"मंग हे पेरा," मी म्हटलं. "भाजलेले हायेत."

ते डब्याकडे पाहत राहिले. समजायला थोडा वेळ लागला, आणि समजल्यावर हसायला लागले, खोकला येईपर्यंत. "येडी झाली काय, माय," म्हणाले. मग दाराकडे तोंड करून लेकाला हाक मारली.

"पिशवी ठेव रे अंदर. दिवाणाखाली कायले, कपाटात ठेव."