पसंतीला आणलेली पुस्तकं

वैशाखातल्या दुपारी कूलरच्या ओल्या वाळ्यातून जो गारवा झिरपतो, त्याला एक मातकट, किंचित उदास गंध असतो. आणि गेल्या उन्हाळ्यात आमच्या नागपुरातल्या, नंदनवन वस्तीतल्या घरात त्या गंधात कोऱ्या गुळगुळीत कागदाचा नि छपाईच्या शाईचा वास मिसळून गेला होता. बाहेर रस्ता पांढराफटक पडलेला, गुलमोहराच्या सावल्यासुद्धा झाडाखालीच आक्रसून बसलेल्या. आणि आत, पडदे ओढून केलेल्या हिरवट अंधारात, दिवाणावर तीन गाईडबुकं ओळीने मांडलेली. तिन्ही इंग्रजी, तिन्ही सिंगापूरच्या एका थीम पार्कविषयीची. आमच्या कुटुंबाने आजवर प्रवास केले ते लग्नांना, बारशांना, फार तर चिखलदऱ्याला. केवळ मजा करण्यासाठी, विमानात बसून, सगळ्यांनी मिळून कुठे जाण्याचा हा पहिलाच प्रसंग. सगळे म्हणजे मुलगा निखिल, सून मुग्धा, त्यांची आठ वर्षांची रेवा आणि आम्ही दोन म्हातारी माणसं.

पुस्तकं विकत आणलेली नव्हती. पसंतीला आणली होती. आमच्या गावात साड्या पसंतीला आणतात. दुकानदार ओळखीचा असला की गठ्ठा घरी नेऊ देतो, बायका अंगावर पदर टाकून बघतात, एक ठेवतात, बाकीच्या परत जातात. पुस्तकांचं असं करत नाहीत, पण धरमपेठेतल्या ज्या दुकानात मी गेले त्याच्या मालकाची मुलगी माझ्या हाताखाली मराठी शिकलेली. मी तीन पुस्तकांत अडकलेली पाहून तो म्हणाला, "मावशी, तिन्ही घेऊन जा ना. घरी दाखवा सगळ्यायले. जे जमन ते ठेवा, बाकीचे वापस." मीही काही संकोच केला नाही. संकोच करण्याचं वय माझं कधी होतं, हेच मला आठवत नाही.

घरी मग साग्रसंगीत बघण्याचा कार्यक्रम झाला. रविवारची सकाळ, पोहे, वर लालभडक तर्री, आणि दिवाणावर तीन उपवर पुस्तकं. एक सडपातळ, नुसत्या चित्रांचं. एक मध्यम बांध्याचं, खाण्यापिण्यात नि खरेदीतच रमणारं. आणि तिसरं चांगलं जाडजूड, ज्यात पार्कातली प्रत्येक राईड आतून कशी आहे, कुठे वळते, कुठे अंधार होतो, लहान मुलं कुठे दचकतात, हे सगळं एखाद्या वकिलाने मांडावं तसं तपशिलाने मांडलेलं.

"ही जाडी घरंदाज दिसते," हे म्हणाले. हे म्हणजे माझे यजमान. "पण बोलते लय."

"बाबा, पुस्तक आहे ते," मुग्धा म्हणाली, आणि ओशाळून स्वतःच हसली. मग माझ्याकडे वळून, "आई, यातलं तुम्हालाच जास्त कळतं. तुम्ही ठरवाल ते एक ठेवू."

तिने हा विश्वास टाकला नसता तर पुढचं काही झालं नसतं, असं म्हणण्याचा मोह मला होतो. पण तसं म्हणणं म्हणजे स्वतःच्या गुन्ह्यात सुनेला भागीदार करून घेणं, आणि सासूपणाची तेवढी पायरी अजून मी उतरलेले नाही.

मला त्या जाड पुस्तकाची चीड का आली, हे समजायचं तर माझ्यातल्या एका तरुणीची ओळख करून द्यायला हवी. लग्नानंतर आम्ही पचमढीला गेलो तेव्हा तिच्या हातात असंच एक जाड प्रवासवर्णनपर पुस्तक होतं. पेन्सिलीने खुणा केलेलं, चिठ्ठ्या खोचलेलं. ही विदुषी प्रत्येक धबधब्यासमोर उभी राहून त्याची उंची नवऱ्याला वाचून दाखवी, जीपवाल्याच्या चुका काढी, आणि झाडाकडे पाहण्याआधी त्याचं शास्त्रीय नाव शोधी. धूपगडावर सूर्यास्ताच्या वेळी पश्चिमेला केशरी, मग जांभळा, मग नावच नसलेला असा एक रंग पसरत गेला म्हणतात. म्हणतात, कारण ती त्या वेळी सूर्यास्ताचा परिच्छेद शोधत होती. "सूर्य तिकडे आहे वं," असं नवऱ्याने दोनदा सांगितलं. परिच्छेद सापडून तिने विजयी मुद्रेने मान वर केली तेव्हा लोक खाली उतरू लागले होते. तिच्या त्या वेळच्या चेहऱ्याचं वर्णन करून यांनी आजवर कितीतरी पाहुणे हसवलेत, आणि सर्वांत मोठ्याने हसणारी मीच असते.

तर अशा बाईला उतारवयात उपरती व्हावी आणि तिने न कळण्यातल्या गमतीचा पंथ काढावा, यात नवल ते काय. पुढे काय येणार हे ठाऊक नसताना मन जसं कोवळं, उघडं असतं, तसं नंतर कधीच नसतं, हे मी अलीकडे येता-जाता सर्वांना ऐकवत असे. त्या पंथात दीक्षा देण्यासाठी मला माणूस हवं होतं, आणि घरातलं सर्वांत लहान माणूस नेमकं त्या जाड पुस्तकात डोकं घालून बसलेलं होतं.

रेवा दुपारभर कूलरसमोर पालथी पडून ते वाचत असे. तेही सगळं नव्हे; एका काळोख्या गुहेतून होडी जाते, त्या राईडचंच प्रकरण. इतकं सावकाश की पान उलटलं की ती पुढच्या ओळीवर तळहात ठेवी आणि बोटं एकेक करून उचली. व्हिडिओ दाखवू का, असं मुग्धाने विचारलं तर म्हणाली, व्हिडिओ थांबत नाही, तो अंगावर येतो. पुस्तक मी म्हणेन तेव्हा थांबतं.

या मुलीचं हे असंच आहे, आणि ते मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. काळ्या मारबतीचा तो अक्राळविक्राळ पुतळा गर्दीतून डुलत येताना पाहून पहिल्या वर्षी रेवाने आजोबांच्या मानेत तोंड खुपसलं ते घरी येईपर्यंत काढलं नाही. पुढच्या वर्षी मात्र महिनाभर आधीपासून ती आजोबांना विचारत राहिली. आत काय असतं, बांबू की लाकूड. आधी ढोल येतात की आधी ती येते. डोळे कशाचे असतात. आणि मिरवणुकीच्या दिवशी, आजोबांच्या खांद्यावर बसून, आजूबाजूच्या पोरांना ती सांगत होती की आता वळणावर ती जराशी झुकणार, घाबरू नका. सगळं आधी कळलं की तिला धीर येतो. आणि धीर आला की मग तिच्या डोळ्यांत जी चमक येते ती पाहण्यासारखी असते. हे मी पाहिलं होतं. पाहूनही मी एके दिवशी, ती मैत्रिणीकडे गेली असताना, सडपातळ पुस्तक ठेवून बाकीची दोन पिशवीत घातली आणि रिक्षाने धरमपेठेला जाऊन परत करून आले. येताना उसाचा रसही प्यायले. पुण्यकर्म केल्यावर लागते तशी तहान लागली होती.

संध्याकाळी तिने दिवाण पाहिला, दिवाणाखाली पाहिलं, मग माझ्याकडे आली.

"आजी, जाडं पुस्तक कुठंय?"

"दिलं परत," मी मोठ्या रुबाबात म्हणाले. "तिथं गेल्यावर आपोआप दिसेल ना बेटा सगळं. त्यातच गंमत असते."

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "माझी गुहा अर्धीच वाचून झाली होती." आणि मग, जणू स्वतःशीच हिशेब मांडत, "अर्ध्यापर्यंत काहीच भीतीचं नाही आलं. म्हणजे सगळं पुढेच आहे."

रात्री जेवताना तिने जाहीर केलं की गुहेत तुम्ही जा, मी बाहेर पिशव्या सांभाळीन. वास्तविक साऱ्या पार्कात तिला जायचं होतं ते एकाच ठिकाणी, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. वाटीतलं वरण तिने शांतपणे संपवलं. मुग्धा मला काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

बोलले ते हे. "तुले काय गरज होती वं? पोरगी वाचून राहिली होती, वाचू द्यायचं. काहून हात लावला?"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा धरमपेठेत. मालक हळहळला. "मावशी, तुमी गेल्या अन् लगेच एक जोडपं घेऊन गेलं. एकच कॉपी होती." मागवून आणायचं तर आमचं विमान त्याच्या आधी उडणार होतं. दुकानाच्या पायरीवर, डोक्याला दुपट्टा गुंडाळून रिक्षाची वाट पाहताना, डांबराचा वितळता वास नाकात भरत असता मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. आयुष्यभर मी मुलांच्या वह्या तपासल्या, पण माझ्या स्वतःच्या जुन्या वहीतली चूक मी तांबड्या शाईने दुरुस्त केली ती रेवाच्या वहीत. धूपगडावर सूर्य हुकला माझा. त्याची भरपाई मी वसूल करत होते ज्या मुलीकडून, तिचा सूर्य मुळी त्याच पुस्तकातून उगवत होता.

सिंगापूरची हवा आपल्यासारखी कोरडी, सडेतोड नाही. ओल्या पंच्यासारखी ती अंगाला लपेटून राहते. पार्कात जळत्या साखरेचा वास, अनोळखी भाषांची किलबिल, आणि गुहेच्या दारापाशी एका बाकावर रेवा, मांडीवर सगळ्यांच्या पिशव्या घेऊन, अगदी जबाबदार माणसासारखी बसलेली. निखिल आणि मुग्धा दुसऱ्या एका रांगेत होते. गुहेतून आतल्या लोकांचा चीत्कार आला की तिची बोटं पिशवीच्या बंदावर आवळत, आणि डोळे मात्र दारावरून हलत नसत. ते डोळे मला सहन होईनात.

"मी जाऊन येते," मी म्हणाले.

"गुडघे?" हे म्हणाले.

"गुडघ्यांनी बसूनच राहायचं आहे. आणि रेवा, बाहेर आले की तुला सगळं सांगते. जसंच्या तसं."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

होडीत माझ्या शेजारी कोणी नव्हतं. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी मी दांडा घट्ट धरून एकेक गोष्ट पाठ करत गेले. आधी डावं वळण, मग गार वारा, मग साखळीचा आवाज. उजवीकडून सांगाडा, पण तो हात लावत नाही. मग पूर्ण काळोख, त्यात पाणी तोंडावर उडतं. मग एक भलं मोठं तोंड उघडतं आणि होडी त्याच्या बाजूने निसटते. भीती वाटली का? वाटली. डोळे मिटावेसे वाटले, पण मिटले असते तर ते पान कोरं राहिलं असतं. आणि मग, सगळं संपलं असं वाटत असताना होडी एका कोपऱ्यावरून वळली आणि छत नाहीसंच झालं. वर असंख्य बारीक दिवे, खाली स्थिर पाण्यात तेवढेच. आवाज म्हणून काही नाही. आकाशाच्या दोन पदरांमधून कुणी तरी आपल्याला अलगद ओढून नेत आहे असं वाटून दांड्यावरचे माझे हात आपोआप जोडले गेले. या वयात, पुठ्ठ्याच्या नि विजेच्या खेळाला.

बाहेर येऊन मी रेवासमोर बसले आणि सांगू लागले. तिने प्रश्न विचारले. आवाज आधी की सांगाडा आधी? पाणी किती उडतं? तोंड उघडतं तेव्हा दात दिसतात का? मी सगळ्याची उत्तरं दिली, खरी दिली. तिचा चेहरा हळूहळू सैल होत गेला.

"आणि शेवटी?"

"शेवटी होडी वळते, पाणी शांत होतं, आणि आपण बाहेर येतो."

बस. एवढंच. यात खोटं काही नाही, असं मी तेव्हाच स्वतःला बजावलं, म्हणजे ते खोटं आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. जसंच्या तसं सांगेन म्हणाले होते मी. एका ओळीवर मी माझा तळहात ठेवला, आणि तो तिच्यासाठी ठेवला की माझा पंथ खरा ठरावा म्हणून, हे विचारायला कोणी नव्हतं.

निखिलला त्या रांगेतच ठेवून मुग्धा परत आली तेव्हा रेवा उठून उभी राहिली, पिशव्या आजोबांच्या मांडीवर ठेवल्या आणि आईचा हात धरून दारात शिरली. मग जो वेळ गेला त्यात मला न कळण्याची सगळी गंमत पुरेपूर भोगायला मिळाली. ती माझ्या भरवशावर आत गेली होती. तिच्या हिशेबाने वळणानंतर काही उरलेलं नव्हतं. ज्या मुलीला न सांगितलेली प्रत्येक गोष्ट अंगावर येते, तिच्यावर मी एक अख्खं आकाश न सांगता सोडून दिलं होतं. हे पिशव्या सांभाळत बसले होते. माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, "काय झालं वं?" मी उगाच एका पिशवीचा बंद बांधू लागले. यांना सांगण्याचाही धीर होईना.

त्या दोघी बाहेर आल्या. मुग्धा हसत होती. म्हणाली, "आई, सगळं आधीच सांगत होती मला. आता वारा, आता साखळी. आणि शेवटी एकदम गप्प." रेवा हसत नव्हती, रडतही नव्हती. ती सरळ माझ्यापाशी आली.

"तू शेवटचं सांगितलं नाहीस."

"विसरले बेटा."

"तू विसरत नाहीस," ती म्हणाली.

त्या आवाजात राग शोधला, मला सापडला नाही; क्षमा शोधली, तीही नाही. मग मी, इतका वेळ जे मनात घोळत होतं, ते विचारलं. "कसं वाटलं गं तिथं?"

"मी नाही सांगणार," ती म्हणाली आणि आजोबांकडून आपली पिशवी घेऊन पुढे चालू लागली.

नागपूरला परत येऊनही तिने सांगितलेलं नाही. शाळा सुरू झाली. ती माझ्याशी आधीसारखीच बोलते, वेणी घालून घेते, शब्दांचे अर्थ विचारते. पण त्या वळणानंतर तिने काय पाहिलं, घाबरून डोळे मिटले की उघडे ठेवले, हे तिच्याजवळ आहे आणि माझ्याजवळ नाही. मुग्धाला विचारता येईल. अंधारात मुलीचा चेहरा तिला दिसला असेल कदाचित. ते मी करत नाही, तेवढं तरी करत नाही. दुपारी ती कूलरसमोर पालथी पडून दुसरंच काही वाचत असते, आणि मी तिच्या मानेकडे पाहत बसते. न कळण्यात केवढी गंमत असते हे ज्या बाईने घरभर सांगून सगळ्यांना वात आणला, तिला रोज एकदा तरी ओठांपर्यंत आलेला प्रश्न गिळावा लागतो. आणि खरं सांगायचं तर, त्यात मला अजून एकदाही गंमत वाटलेली नाही.